बुडालेल्याचं पान

बाबांनी फोटो उलटा केला, मागे काही लिहिलंय का ते पाहिलं, पुन्हा सुलटा करून हात लांब धरला, डोळे बारीक केले आणि शेवटी तो पाहुण्याला परत देत मला म्हणाले, "शालन, ह्येंना सांग, कायतरी गफलत हाय. आमचा रघोजी बुडून मेला. आमी जाळलाय तेला."

'आमी' म्हणजे आमच्या खेतले घराण्यातले सव्वाशे वर्षांपूर्वीचे लोक. पण बाबांनी असं ठासून सांगितलं की ऐकणाऱ्याला वाटावं, सरणाची लाकडं ह्यांनीच फोडली असतील.

मी पाहुण्याला इंग्रजीत सांगितलं. मांडरे गावच्या शाळेत मी शिक्षिका होते आणि गावात इंग्रजी बोलू शकणारी मी एकटीच. म्हणजे व्याकरण पक्कं, बोलणं कच्चं. पाहुण्याने माझं वाक्य शांतपणे ऐकून घेतलं. मग फोटोवर बोट ठेवून म्हणाला, "हा माझा पणजोबा. ह्याने तिकडे लग्न केलं, सहा मुलं झाली. हा जर इथे बुडून मेला असेल, तर मी कोण?"

पाहुण्याचं नाव विष्णू रघोजी. मॉरिशसला त्याचं औषधांचं दुकान होतं. तिकडे गेलेल्या आपल्या लोकांचं आडनाव बोटीवरच राहिलं, आणि पहिल्या गेलेल्या माणसाचं नाव तेच पुढच्यांचं आडनाव झालं. साठीकडे आलेला, सावळा, इस्त्रीच्या पँटीतला हा माणूस ऐन पितृपक्षात, भरल्या खाडीच्या दिवसांत, आमच्या शाळेच्या दारात येऊन उभा राहिला. हातात एक प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात सरकारी दप्तरातल्या नोंदींच्या छायाप्रती. मी त्या वर्गातच वाचल्या आणि मुलांना सुट्टी देऊन त्याला सरळ घरी आणलं. ह्या गोष्टीला आता चाळीस वर्षं होत आली. पण त्या दिवशी घरी येताना मी किती भरभर चालत होते ते मला अजून आठवतं. पाहुण्याला धाप लागली होती.

फोटोत एक तरणा माणूस होता. छातीशी आकड्यांची पाटी धरलेली, डोक्याला मुंडासं, आणि चेहऱ्यावर फोटो काढणारा आता आपल्याला खाऊन टाकील अशी भीती. उसाच्या मळ्यावर कामाला आलेल्या प्रत्येकाचा तिकडे असा फोटो काढत. कागदावर लिहिलं होतं: नाव रघोजी, बापाचं नाव भिकाजी, जिल्हा रत्नागिरी, गाव मांडरे, बायको येसू, नातलग भाऊ दौलत. हा दौलत म्हणजे माझ्या बाबांचा पणजोबा.

"दौलत," बाबा पुटपुटले. मग सावरून म्हणाले, "कागदावर काय, कोनी कायपन लिवील. ह्येंना इचार, लग्नात देवक कसलं ठेवतात."

देवकाला इंग्रजीत काय म्हणायचं ते मला कुठल्याच शाळेत शिकवलं नव्हतं. मी अडखळले. पण पाहुण्याने तो शब्द बाबांच्याच तोंडून उचलला. "देवक! देवक!" तो एकदम पुढे सरकला. त्याने माझं लाल पेन मागून घेतलं आणि छायाप्रतीच्या पाठीवर एक वेल काढला. एका देठाला तीन पानं, आणि देठ वळून शेजारच्या काडीला विळखा घातलेला. त्यांच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी घरातली मोठी बाई हळदीने भिंतीवर हा वेल काढते. वेल कसला, ते कुणाला ठाऊक नाही. त्या बेटावर तो उगवत नाही. आजी नुसतं 'वेल' म्हणायची.

बाबा उठले. गोठ्यामागच्या दगडी गडग्यावर हात घालून त्यांनी हातभर हिरवा तुकडा तोडून आणला आणि त्या चित्रावर ठेवला. तीन पानं. वळलेला देठ.

"मोरयेल," ते म्हणाले. "आमच्या घरात नवरा-नवरीला हळद लागंपत्तुर ह्येच्याबिगर पान हालत न्हाय. सांग तेंना. ह्यो आपला मानूस."

मी सांगायच्या आधीच पाहुण्याला ते कळलं होतं. त्याने तो वेल उचलला, नाकाशी धरला, आणि घरापुढच्या भर खळ्यात, भाऊकीतली पोरंटोरं बघत असताना, साठीचा तो माणूस ढसाढसा रडला. आईने घाईने पदर डोळ्यांना लावला. आई कुणाच्याही रडण्यात सामील व्हायची, पण ह्या वेळी बाबांनीही नाक शिंकरलं.

मी रडले नाही. मी माझ्याच विचारात होते. ते का, हे आता सांगायला हवं.

आमच्या खळ्यातून खाडीपलीकडचं सांडखोल दिसतं. तिथल्या बाईतांचा रमाकांत तालुक्याच्या हायस्कुलात चित्रकला शिकवायचा. आमचं दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं, म्हणजे आमच्या दोघांपुरतं. जात एक, शिक्षण सारखं, पगार त्याचा चार पैसे जास्तच. हरकत कुणाची असायचं कारण नव्हतं. पण मी बाबांपुढे नाव काढलं तेव्हा त्यांनी हातातली विडीसुद्धा खाली ठेवली नाही. "खेतल्यांची पोर सांडखोलात जानार न्हाय," एवढंच म्हणाले.

कारण गावात शेंबड्या पोरालाही पाठ होतं. रघोजीची बायको येसू ही बाईतांची मुलगी. माहेरी गेलेल्या बायकोला आणायला रघोजी शिमग्यात सांडखोलला गेला. तिथे मेहुण्याशी, सोनबाशी, त्याचं कशावरून तरी वाजलं. सोनबाने त्याला खाडीत बुडवून मारलं आणि स्वतः परागंदा झाला. तेव्हापासून दोन्ही घरांत सोयरीक बंद. येसूला मूल नव्हतं. कुंकू पुसून तिला माहेरीच ठेवून दिली, खेतल्यांनी परत उंबरा चढू दिला नाही. आणि दर वर्षी म्हाळाला, पितरांना पानं वाढतात तेव्हा, रघोजीचं पान आमच्याकडे वेगळं निघायचं. बाकीच्या पितरांची पानं घरामागच्या परड्यात, ह्याचं एकट्याचं खाडीकाठच्या कातळावर. खाऱ्या पाण्यात गेला म्हणून त्याच्या पानावर मीठ वाढत नसत. आम्ही त्याला बुडालेल्याचं पान म्हणायचो.

मला बाहेरची तीन स्थळं येऊन गेली होती. तिन्ही मी नाकारली, आणि आता गावात माझ्या वयाचा हिशोब बायका बोटांवर करू लागल्या होत्या. रमाकांत स्वभावाने मऊ. "थांबू या," हा त्याचा आवडता शब्द. अशात हा मॉरिशसचा माणूस आकाशातून पडावा तसा माझ्या शाळेत आला. तेव्हा मी भरभर चालले नसते तरच नवल.

दुपारपर्यंत भाऊकी जमली. पाहुण्याला सगळ्यांनी हात लावून पाहिलं. धाकट्या काकांनी त्याच्या नाकाची तुलना आपल्या नाकाशी करून घेतली. आईने घावणे काढले. सगळे जरा निवांत झाल्यावर मी खांबाला टेकून म्हटलं, "म्हणजे बाबा, रघोजीआजा बुडाला नाही."

"न्हाय."

"म्हणजे सांडखोलच्या सोनबाने त्याला मारलं नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. माझा रोख त्यांना कळला. बाबा तापट होते, हट्टी होते, पण डोळ्यांसमोरची गोष्ट नाकारायची त्यांना सवय नव्हती. "न्हाय मारलान्," ते म्हणाले.

"मग आपण त्यांच्याशी सोयरीक का करत नाही?"

काका खोकले. बाबांनी पाहुण्याचे कागद नीट रचून ठेवले. मग म्हणाले, "इतकी वर्सं उगाच बोल लावला तेंना. पितरं जेवून जाऊ देत, मग बघू."

बाबांचं 'बघू' म्हणजे होकार. मी आत गेले आणि पाण्याच्या हंड्यामागे उभी राहून एकटीच हसले. सुखाने माणूस किती बावळट दिसतो ते मला त्या हंड्यातल्या पाण्यात दिसलं.

आई तिथेच अळू चिरत बसली होती. तिला ह्यातलं राजकारण काही नको होतं. तिने विळीवरून मान वर न करता बाहेर बाबांना हाक मारून विचारलं, "अवो, रघोजी जर तकडं गेला, तर मंग आपन जाळला तो कोन?"



प्रेत मिळालं होतं, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. गोष्टीत ते नेहमीच होतं: तिसऱ्या दिवशी ओहोटीला आमच्या बाजूच्या काठाला लागलेलं प्रेत. चेहरा माशांनी ठेवला नव्हता. पण खेतल्यांचा माणूस घरी नव्हता, प्रेत खेतल्यांच्या काठाला लागलं होतं. मग ओळख पटवायची आणखी काय राहते? रडारड झाली, सरण रचलं. त्याच खाडीच्या दुसऱ्या काठावर आणखी एका घरचा माणूस घरी नाही, हे आमच्या लोकांना माहीत होतं, पण त्याचा अर्थ त्यांनी केव्हाच लावून टाकला होता. भरती थोडी इकडची तिकडे झाली असती तर ते प्रेत सांडखोलच्या काठाला लागलं असतं, आणि गोष्ट बरोबर उलटी झाली असती.

"सोनबा," बाबा म्हणाले. अगदी हळू.

मी हंड्यामागून बाहेर आले. माझं हसू कुठल्या कुठे गेलं होतं.

काकांनी सगळ्यात आधी डोकं चालवलं. "हे बघ दादा, रघोजी काय पैशाला पासरी मिळतील. ह्यो पावना दुसऱ्या कुठल्यातरी रघोजीचा. तेला सांगू, बाबा रे, आमचा न्हायस तू. घावणं खा आनि जा."

"आनि देवक?"

"मोरयेल धा घरांत असतो."

"येसू पन धा घरांत? दौलत पन?" बाबांनी विचारलं. काकांनी घावण्याची ताटली पुढे ओढली.

पाहुणा एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. त्याने मला विचारलं, काय झालं? मला वाटलं, सांगू नये. मग वाटलं, ह्या माणसाने इतका समुद्र ओलांडला तो सगळं ऐकायलाच. मी सांगितलं. सगळं: शिमगा, मेहुणा, प्रेत, कातळावरचं पान. त्याने मांडीवरचा मोरवेल बाजूला ठेवला.

"माझ्या पणजोबाने त्याला मारलं?"

"ते कुणालाच माहीत नाही. होडी उलटली असेल. भांडण झालं असेल. एवढंच माहीत आहे की एक मेला आणि एक पळाला."

तो खाडीकडे वळला. "आमच्याकडे सुट्टीच्या दिवशी सगळं गाव समुद्रावर जातं," तो म्हणाला. "पणजोबा कधी गेला नाही. बेटावर राहून त्याने मरेपर्यंत समुद्रात पाय घातला नाही म्हणतात. आम्हाला वाटायचं, देशाची आठवण येत असेल."

हे मी बाबांना मराठीत सांगितलं तेव्हा बाबा उठले आणि खळ्यातून चार फेऱ्या घालून आले. मग म्हणाले, "उद्या सांडखोलला जायचं. बाईतांना सांगाया होवं."

मी त्यांना गोठ्याकडे गाठलं. "बाबा, एवढंच सांगू या ना की रघोजी जिवंत होता, परदेशी गेला. तुमच्यावर आम्ही उगाच आळ घेतला, माफ करा. झालं. पुढचं कशाला?"

"फुडचं ते सोता इचारतील. तुझ्या आयशीनं इचारलान् तसं."

"विचारलं तर म्हणा, ठाऊक नाही."

"ठावं हाय ना पन," बाबा म्हणाले. "शालन, मी चाळीस वर्सं त्या कातळावर पान ठेवतोय. माझ्या बापानं ठेवलान्, तेच्या बापानं ठेवलान्. दुसऱ्याचा मानूस आपल्या पंगतीला बसवलाय आनि तेच्या घरच्यांना पत्ता न्हाय. ते अजून तेची वाट बगत असतील."

"आणि माझं काय?"

बाबांनी गाईच्या पाठीवरून हात फिरवला. "तुझं जे व्हईल ते व्हईल," ते म्हणाले, पण माझ्याकडे न बघता.

मला त्यांचा असा राग आला की मी जेवले नाही. जो माणूस एका खोट्या गोष्टीपायी मला दोन वर्षं नाही म्हणत होता, तोच आता खऱ्या गोष्टीपायी माझं लग्न मोडायला निघाला होता. खोटेपणात निदान आशा तरी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तरीतून आम्ही तिघं पलीकडे गेलो. बाबांनी पाहुण्याला घरीच थांबायला सांगितलं होतं. "तुमाला तकडं कोन फुलं न्हाय वाहनार," असं त्यांनी बजावलं आणि मी ते इंग्रजीत कसंबसं बसवलं. तो म्हणाला, "माझा पणजोबा तिथून निघाला होता ना? मग मला तिथे जायलाच हवं." होडीत तो मधल्या फळीवर दोन्ही हातांनी धरून बसला. पाण्याकडे त्याने पाहिलं नाही.

बाईतांचं घर काठापासून जवळच. खळ्यात रमाकांतचे वडील, शांताराम बाईत, सुपाऱ्या सोलत बसले होते. रमाकांत पडवीत वर्तमानपत्र वाचत होता. मला बाबांबरोबर आलेली पाहून तो उभा राहिला आणि वर्तमानपत्राची इतकी बारीक घडी घालत सुटला की शेवटी ती मुठीत मावली. त्याला वाटलं असावं, आम्ही मागणी घालायला आलोय. ते पण पितृपक्षात.

"बसा," शांतारामभाऊ म्हणाले. खेतल्यांचा माणूस त्या खळ्यात किती पिढ्यांनी आला होता कोण जाणे, पण बसा म्हणायला ते चुकले नाहीत.

"बसाया न्हाय आलो," बाबा म्हणाले. "निरोप आनलाय. फार उशिरा आनलाय, ता पयलं सांगतो." आणि त्यांनी उभ्याउभ्याच सांगितलं. रघोजी मेला नव्हता. हा त्याचा पणतू. आमच्या काठाला जे प्रेत लागलं ते तुमच्या सोनबाचं. "रघोजीनं तेला मारलान्, का होडी कलंडली, ता मला म्हाईत न्हाय. मी खोटं कशाला बोलू. पन पळाला तो आमचा आनि बोल लागला तो तुमाला. आमी तेला अग्नी दिला. दर सालाला पान वाढतो. आता तो तुमचा मानूस तुमाला परत."

शांतारामभाऊंच्या हातातली सुपारी घरंगळत गेली.  ते बोलले तेव्हा आवाज अगदी खालचा होता, आणि तो हळूहळू वर चढला. "म्हंजे इतक्या वर्सांत खुनी आमी. माझ्या आत्येला तुमच्या गावातून मागनी आली आनि खुन्याच्या घरची म्हनून मोडली. आमच्या पोरांना शाळेत तुमची पोरं काय म्हनायची, ता ठावं हाय? आनि मेला तो आमचाच. पळाला तो तुमचा."

"व्हय," बाबा म्हणाले.

"मंग आता आमचं ऐका. ही पोर का आली हाय ता मला कळतंय. मी काय आंधळा न्हाय. पन खेतल्यांची पोर ह्या घराचा उंबरा न्हाय वलांडनार. इतकी वर्सं तुमची बंदी व्हती. आजपासून आमची."

"तात्या, हे मी ऐकून घेणार नाही," रमाकांत म्हणाला, आणि ऐकून घेत उभा राहिला.

मी खाली मान घातली. मला रडू आलं नाही. फक्त घरी जावंसं वाटलं. बाबांच्या कपाळावर घाम आला होता. त्यांनीही हेच होणार हे ओळखलं असणार, आणि ओळखून ते आले होते. मला त्यांचा राग यायला हवा होता. तो आला नाही, ह्याचंच मला नवल वाटलं.

तेवढ्यात आतून आवाज आला, "शांताराम, कोन मेला म्हन्तायत?"

रमाकांतची पणजी, मोठी आय, भिंतीला धरत पडवीत आली. नव्वदीच्या पुढची. पाठ वाकून काटकोनात आलेली, पण कान तिखट. तिला खाली बसवलं. ती म्हणाली, "परत सांगा. सावकाश." बाबांनी परत सांगितलं. सोनबाचं नाव आलं तेव्हा तिने हात वर करून त्यांना थांबवलं.

"चंद्रीआत्या," ती म्हणाली. "सोनबाची बायकू. मी लगीन व्हवून आले तवा व्हती. रोज सांजला कुकू लावून हितं, ह्या पायरीवं बसायची. 'येतील' म्हनायची. कुकवानंच गेली. हिरव्या लुगड्यात नेली तिला, सवाष्ण म्हनून. सोनबाचं आमी कंदी म्हाळ न्हाय घातलं. जित्याचं कसं घालनार? ह्या घरात अजून लगीन निगालं की पयली अक्षत तेच्या नावाची ठेवतात."

 एकीने, येसूने, नवरा जिवंत असून कुंकू पुसलं होतं, दुसरीने नवरा मेला असून ते जन्मभर लावलं होतं. आणि दोघी नणंद-भावजया ह्याच घरात, एकाच चुलीपुढे म्हाताऱ्या झाल्या होत्या. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मात्र मला रडू आवरेना.

मोठी आय बाबांना म्हणाली, "काय वाढायचाव तेला?"

"वडं. खीर. अळवाचं फदफदं. काळ्या वाटाण्याचं सांबारं. भोपळ्याची भाजी."

"मीठ?"

"मीठ न्हाय. खाऱ्या पान्यात गेला, म्हनून."

म्हातारीने डोळे मिटले. "येवढं ध्येनात ठेवलाव," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "कावळा अडायचा?"

"एकदा पन न्हाय. पान ठेवून पाठ फिरवली की शिवायचा."

"म्हंजे निवाला व्हता. तुमच्या बायकांच्या हातचं तेला रुचलं व्हतं." ती शांतारामभाऊंकडे वळली. "तुला राग आलाय, ता बराबर हाय. मला पन आलाय. पन आपल्या मानसाला इतकी वर्सं कुनी जेवू घातलान्? आपुन तर उपाशी ठेवलाव तेला."

"आये, ती गोष्ट येगळी," शांतारामभाऊ म्हणाले, पण आवाजातली धार गेली होती.

"यंदाचं पान तकडंच करा," ती बाबांना म्हणाली. "फुडल्या सालाला हितं. पन ह्या घरात तेच्या पानाचं कुनाला काय ठावं न्हाय. काय आवडतं, काय नगं. नव्या हातचं वाढलं न् तो अडला तर? तवा फुडल्या म्हाळाला ह्या चुलीम्होरं तुमच्या घरचं मानूस होवं. पावनं म्हनून न्हाय. ह्या घरचं व्हवून."

पितृपक्षात लग्नाची गोष्ट तोंडाने काढत नाहीत. तिनेही काढली नाही. पण खळ्यात उभ्या असलेल्यांत ती न कळलेला एकच माणूस होता. शांतारामभाऊ उठून घरंगळलेली सुपारी शोधायला लागले. ती त्यांच्या पायाशीच होती, तरी ते बराच वेळ शोधत राहिले. नाही मात्र म्हणाले नाहीत.

मोठी आयने मला जवळ बोलावलं. माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. "वडं येतात का गो बाय तुला?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलायचं सुचलंच नाही.

"खीर?"

"नाही."

"मंग काय शिकलीस गो इतकं? वरीस हाय. शीक," ती म्हणाली, आणि मी तिच्या पुढ्यात हमसून हमसून रडायला लागले. रमाकांत पडवीतून दोन पायऱ्या उतरून आला आणि तिथेच थांबला.

विष्णू रघोजी गोंधळून गेला होता. त्याने मला विचारलं, "काय म्हणाल्या त्या?"

मला सगळं सांगता येईना. जे आलं ते इंग्रजीत सांगितलं: "त्या म्हणतात, मला स्वयंपाक येत नाही. तो मी शिकावा."

त्याला वाटलं, म्हातारीने माझा अपमान केला आणि म्हणून मी रडतेय. बाकी सगळे मागे सरकले असताना तो दोन पावलं पुढे आला, थेट म्हातारीसमोर, आणि इंग्रजीत बोलला. बाबांनी विचारलं, काय म्हणतो? मी डोळे पुसून सांगितलं, "ते म्हणतात, चूक असेल तर ती त्यांच्या पणजोबाची आहे. अपमान करायचा तर त्यांचा स्वतःचा करा. माझा नको."

मोठी आयने मान वाकडी करून त्याला खालपासून वरपर्यंत पाहिलं. बुटांपासून पांढऱ्या केसांपर्यंत. त्याने नजर खाली घेतली नाही.

"ह्येचा पणजा पळाला," ती म्हणाली. "ह्यो उभा ऱ्हायला. पाट आना रं कोनीतरी तेला."